ज्याची त्याची वाट

सात वर्षांच्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम सरकारने एखाद्या स्वतंत्र खात्याकडे सोपवावे, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे. मी स्वतः पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत घालविली. कोणताही अवघड प्रश्न समोर आला की त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे रवाना’ असा शेरा मारून तो शेजारच्या टेबलावर ढकलण्याची विद्या मला चांगली अवगत आहे. परंतु माझी नात मुक्ता हिच्यापुढे ही विद्या लंगडी पडते. कारण तिच्या आणि माझ्यामध्ये तिसरे टेबलच नसते.

गेल्या फाल्गुनात तिला घेऊन मी आमच्या मूळ गावी गेलो होतो. गाव दापोली तालुक्यात, अगदी समुद्राच्या काठी. तेथे माझे थोरले बंधू अण्णा आणि वहिनी राहतात. अण्णाने सत्तरी ओलांडली आहे. पण गेली काही वर्षे नोव्हेंबर उजाडला की तो रोज पहाटे चारला उठतो, हातात टॉर्च घेतो आणि किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कासवांचा माग काढीत चालत जातो. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री वाळूवर येतात, मागच्या पायांनी खड्डा करून त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात, अंगाच्या भाराने वाळू चोपून खड्डा बुजवितात आणि आल्या तशा समुद्रात निघून जातात. ही अंडी कुत्र्याकोल्ह्यांच्या आणि माणसांच्या तोंडी पडू नयेत म्हणून ती काढून कुंपणाच्या आत, तितक्याच खोलीच्या खड्ड्यांत पुरून ठेवावी लागतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ह्या संस्थेने २००२ च्या सुमारास वेळास येथे हे काम सुरू केले आणि हळूहळू ते किनाऱ्यावरच्या गावोगावी पसरले. आमच्या गावात ते अण्णाच्या अंगावर पडले, की त्याने ते ओढवून घेतले, हे मी कधी विचारले नाही. अण्णाला मी पुष्कळ गोष्टी कधी विचारलेल्या नाहीत.

त्या दिवशी सकाळी एका खड्ड्यावरची टोपली उचलली, तो आत तीस-पस्तीस पिल्ले वळवळत होती. ती पाण्यापासून काही पावलांवर वाळूत सोडून देण्यात आली. मुक्ता गुडघ्यांवर बसून श्वास रोखून पाहत होती. एकाच आईची, एकाच रात्री घातलेली, एकाच वाळूत उबलेली आणि एकाच वेळी सोडलेली ती पिल्ले! पण त्यांतले एक बंदुकीच्या गोळीसारखे सरळ पाण्याकडे सुटले. दुसरे चार पावले गेले आणि कसला तरी विचार पडल्यासारखे बसून राहिले. तिसऱ्याला लाटेने तीनदा मागे फेकले आणि तीनदाही ते तितक्याच लगबगीने पुढे धावले. एक मात्र सगळ्यांची दिशा सोडून, काठाला समांतर असे, उत्तरेकडे चालू लागले.

“आजोबा, ते सगळ्यांबरोबर का जात नाही?” मुक्ताने विचारले.

“अगं, त्यांना उपजत बुद्धी असते,” मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो. “त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.”

“मग ती सगळ्यांना सारखी का नाही?”

मी नेहमीप्रमाणे शेजारच्या टेबलाकडे पाहिले. तेथे अण्णा उभा होता. त्या चुकार पिल्लावरची नजर न काढता तो म्हणाला, “त्याला त्याची कारणं असतील, बाई.”

वाक्य साधे होते, आणि ते मला उद्देशून तर मुळीच नव्हते. पण ते माझ्या मनात कुसळासारखे रुतून बसले. ह्याचे कारण सांगावयाचे तर मला तीस वर्षे मागे जावे लागेल.

१९९४ साली, वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही सारे गावी जमलो होतो. खालच्या अंगाची बागायत विकावी असे माझे मत होते; अण्णा नको म्हणत होता. तो कारणे देत नव्हता, नुसता नको म्हणत होता, आणि वाद घालणाऱ्या माणसाला ह्याहून चीड आणणारे दुसरे काही नाही. मी शहरात राहून चार लोकांत बोलायला शिकलेला; तो केळीची पाने पुसून पंगतीसाठी रचीत बसलेला. मी सर्वांदेखत म्हणालो, “अण्णा, तू म्हणजे आपल्या देवळातलं कासव आहेस. लोक पायऱ्या चढून पुढे गेले, तू आपला जागच्या जागी दगड होऊन बसलास.” दोघाचौघांना हसू आले. माझी उपमा मला स्वतःलाही आवडली. अण्णाने पुढचे पान घेतले, पुसले आणि रचले. तो विषय तेथेच संपला. म्हणजे त्याच्याकडून संपला. माझ्या मनात मात्र तो दगड राहिला आणि वय वाढेल तसा जड होत गेला.

देवळातल्या त्या कासवाने आपल्या लोकांच्या मनावर फार दिवस राज्य केले आहे. गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेले ते कासव, सशाच्या गोष्टीतले ते हळू चालणारे कासव, आणि सर्व इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञासाठी गीतेने उपमेला आणलेले ते कासव. ही तिन्ही मिळून आपल्या डोक्यात एकच कासव होते. ते मंद, ते स्थिर, ते आत ओढलेले. आपण व्याकरणात शिकलो की ‘राम’ हे विशेषनाम आणि ‘कासव’ हे सामान्यनाम. माणसांना विशेषनामे आणि जनावरांना सामान्यनामे, अशी वाटणी त्या दिवसापासून आपण करून टाकली. घोडा वेगवान असतो, कोल्हा लबाड असतो, कासव मंद असते! एका घोड्याचे दुसऱ्या घोड्याशी पटते की नाही, हे टांगेवाल्याला ठाऊक असते. शाळेतल्या पुस्तकाला नसते.

समुद्रातल्या प्राण्यांच्या बाबतीत तर टांगेवाल्याची साक्षही मिळण्याजोगी नव्हती. रानातल्या वाघाचा माग मातीत उमटतो. माशाचा माग पाण्यात उमटत नाही. त्यामुळे शतकानुशतके मनुष्याने समुद्राकडे पाहिले आणि त्याला दिसले ते थवे. एकेकटा जीव दिसलाच नाही. तो दिसू लागला तो माणसाने आकाशात उपग्रह सोडल्यावर, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. कासवाच्या पाठीवर एक लहानसे यंत्र चिकटवितात. खाऱ्या पाण्यातून रेडिओच्या लहरी फार दूर जात नाहीत. म्हणून कासव खाली असेपर्यंत ते यंत्र मुके असते. कासव श्वास घेण्यासाठी वर आले की तेवढ्या क्षणात यंत्र आपला संदेश आकाशात पाठविते. म्हणजे तिचा ठावठिकाणा आपल्याला कळतो तो तिच्या श्वासावरून. दोन श्वासांमधले सारे आयुष्य अद्यापि तिचे तिच्यापाशीच आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा प्रयोग प्रथम २०२२ साली झाला. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राच्या वनखात्याचे कांदळवन प्रतिष्ठान ह्यांनी त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यांवर पाच माद्यांच्या पाठीवर यंत्रे बसविली. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, आणि गुहागरच्या रेवा, वनश्री व लक्ष्मी. नावे दिली, आणि त्या क्षणी सामान्यनामाची पाच विशेषनामे झाली. नाव देणाऱ्यांना कदाचित नुसती ओळख ठेवावयाची असेल. पण नाव दिले की चरित्र सुरू होते, हा नियम कासवालाही चुकत नाही. प्रथमा उत्तरेला वळली आणि गुजरातच्या समुद्रात जाऊन राहिली. रेवेने दक्षिणेचा रस्ता धरला आणि ती कर्नाटकाच्या अंगाला गेली. लक्ष्मीच्या यंत्राने लवकरच मौन धरले. पुढच्या वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, गुहागरलाच आणखी दोघींना यंत्रे बसविली. एकीचे नाव बागेश्री, दुसरीचे गुहा. गुहा लक्षद्वीपाकडे गेली. बागेश्री मात्र रात्रीच्या रागाचे आपले नाव सार्थ करावयाला निघाल्याप्रमाणे केरळ, कन्याकुमारी ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात शिरली. किनारा एक, ऋतू एक, जात एक. आणि वाटा अशा चारी दिशांना!

ह्या ठिकाणी माझ्यातल्या कारकुनाला राहवत नाही. कारकुनाचे सर्वांत आवडते हत्यार म्हणजे सरासरी. समजा, उत्तरेला गेलेल्या प्रथमेची आणि दक्षिणेला गेलेल्या रेवेची कोणी सरासरी काढली. तर उत्तर असे येईल की ही कासवे निघाली तेथेच, रत्नागिरी जिल्ह्यात, स्वस्थ बसून आहेत! गणितात तसूभर चूक नाही, आणि तरी त्यात सत्याचा अंशही नाही. प्राणिशास्त्र पुष्कळ काळ अशा सरासरीच्या नादी होते. जो प्राणी सरासरीपासून फार दूर जाई, तो ‘अपवाद’ म्हणून समासात टाकला जाई. अलीकडे शास्त्रज्ञांनी समास वाचावयास सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की मजकूर बराचसा तेथेच आहे.

मग ह्या वेगवेगळ्या वाटांची कारणे कोणती? पहिले कारण देहाचे. अटलांटिकमधील केप व्हर्डे बेटांवर लॉगरहेड जातीची कासवे अंडी घालतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले की त्यांतल्या मोठ्या अंगाच्या माद्या आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात जाऊन तळावरचे अन्न खातात, आणि लहान अंगाच्या माद्या भर समुद्रात तरंगत राहून तेथे मिळेल त्यावर गुजराण करतात. उत्तर पॅसिफिकमधल्या हत्ती-सील नावाच्या प्राण्यांत तर नवरा-बायकोच्या वाटाही निराळ्या. नर अलास्काच्या बाजूला किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर जातात आणि माद्या खोल, मोकळ्या समुद्रात. ज्याचा पिंड जसा, त्याची भूक तशी. आणि ज्याची भूक जशी, त्याचा रस्ता तसा.

दुसरे कारण स्वभावाचे. हा शब्द जनावरांना लावताना पूर्वीचे शास्त्रज्ञ फार बिचकत. पण शंखात राहणारे जे लहान खेकडे आपल्या किनाऱ्यावरही दिसतात, त्यांच्या जातीवर इंग्लंडात काही प्रयोग झाले आहेत. खेकड्याला दचकविले की तो शंखात शिरतो. काही थोड्याच क्षणांत पुन्हा बाहेर डोकावतात, काही बराच वेळ आत दबून राहतात. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या परिस्थितीत पाहिले, तरी आदल्या दिवशीचा धीट तो बहुधा धीटच आणि भित्रा तो भित्राच ठरतो. मुक्ताने हे वाचून दाखविल्यावर सांगितले की तिच्या वर्गातही असेच आहे. ह्यापेक्षा अधिक पुरावा मला नको आहे.

तिसरे कारण शिकवणुकीचे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे काही डॉल्फिन समुद्राच्या तळावरचा स्पंज तोंडावर धरून, नाकाला खरचटू न देता, वाळूत दडलेले मासे हुडकतात. ही युक्ती सर्वांना येत नाही. ती आईकडून बहुतकरून मुलीला मिळते, जशी आपल्याकडे एखाद्या घरातली पुरणपोळी त्याच घरात राहते. ज्या घराण्यात स्पंज आहे त्या घराण्याचे डॉल्फिन खोल पाण्यातल्या विशिष्ट जागांकडे जातात. शेजारच्या घराण्याचे तिकडे फिरकतही नाहीत.

परंतु मला सर्वांत विचारात पाडले ते चौथ्या कारणाने. कासवाला आई शिकवीत नाही. पिल्लू जगात येते तेव्हा आई केव्हाच दूर गेलेली असते. मग मोठेपणी ते अमक्याच समुद्रात चरावयाला का जाते? ग्रीसच्या झाकिन्थोस बेटावरील लॉगरहेड कासवांविषयी २०१० साली काही संशोधकांनी असे मत मांडले की ह्याचे उत्तर बालपणात आहे. पिल्लू पाण्यात शिरले की त्याच्या लहानशा वल्ह्यांत प्रवाहाशी झुंजण्याची ताकद फारशी नसते. त्या दिवशी, त्या तासाला जो प्रवाह वाहत असेल तो त्याला नेईल तिकडे ते जाते. त्या वाहण्यात ज्या जागा त्याला भेटल्या, जेथे ते जगले, तेथेच मोठेपणी ते पुन्हापुन्हा, आपल्या बळाने पोहत जाते. प्रवाहांचा हिशेब मांडून पाहिला तेव्हा पिल्ले जेथे जेथे वाहत गेली असतील, जवळजवळ तेथे तेथेच मोठी कासवे चरताना आढळली होती. म्हणजे ज्याला आपण बाहेरून पाहून ‘तिची निवड’ म्हणतो, ती पहिल्यांदा कोणा एका सकाळच्या पाण्याची निवड होती. एक पिल्लू अर्ध्या तासाने उशिरा पाण्यात शिरले, तर ते कदाचित निराळ्या समुद्राचे होऊन जात असेल!

हे वाचीत असताना मी पुस्तक मिटले. मला १९६८ सालचा जून महिना आठवला.

त्या वर्षी गिरगावातल्या काकांचे पत्र आले होते. ‘दोघांपैकी एकाची शिक्षणाची सोय मी करू शकेन, थोरल्याला पाठवावे.’ ते पत्र वडिलांनी ओटीवर बसून मोठ्याने वाचले तेव्हा मी तेथेच होतो. अण्णाचे कपडे शिवून झाले, ट्रंक भरून झाली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णाला विषमज्वर झाला. ताप तीन आठवडे हलला नाही. शाळा सुरू होऊन गेल्या. काकांना नाही म्हणणे बरे दिसेना. म्हणून त्याच ट्रंकेतले कपडे काढून माझे घातले आणि मला एस.टी.त बसवून दिले. पुढल्या वर्षी अण्णाला न्यावयाचे ठरले होते. पण तोवर काकांच्या दोन खोल्यांत तिसरे मूल रांगू लागले होते, आणि जागा उरली नव्हती.

हे मी विसरलो होतो असे नाही. ते मला कधी आठवत नसे, एवढेच. माझ्या आयुष्याची जी हकीकत मी स्वतःला आणि इतरांना सांगत आलो, तिची सुरुवात नेहमी एस.टी.त बसण्यापासून होई. तेरा वर्षांचा एक मुलगा घर सोडून निघतो, पाण्याच्या नळावर रांग लावतो, दिव्याखाली अभ्यास करतो आणि नावारूपाला येतो! हे सारे खरे आहे. वल्ही मी मारली होतीच. पण प्रवाह माझा नव्हता. तो एका तापाचा होता. आणि तो ताप दुसऱ्याच्या अंगात होता.

येथे कोणी म्हणेल की कासवाच्या मागे लपून तू माणसाची जबाबदारी टाळतो आहेस. तसे नाही. कासवाला कोणी दगड म्हटले तर कासवाला त्याचे काही नसते. कोणाला दगड म्हणावे आणि कोणाला म्हणू नये, हे मात्र माणसाच्या हाती असते. माझा अपराध मी गेलो हा नव्हता. माझा अपराध असा की मी माझ्या जाण्याला गुण मानले आणि त्याच्या राहण्याला दोष.

राहणे ही स्वतंत्र गोष्ट आहे, ती न जाण्याची नुसती वजाबाकी नव्हे, हे मला एका देवमाशाने शिकविले. हंपबॅक जातीचे देवमासे हे मोठे प्रवासी. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चरावयाचे आणि हिवाळ्यात पिल्लांसाठी उष्ण समुद्रात यावयाचे, हा त्यांचा जगभरचा रिवाज. परंतु आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक हा रिवाज पाळीत नाहीत. ते वर्षभर येथेच राहतात. नैर्ऋत्य मोसमी वारा ओमानच्या किनाऱ्यावरून वाहतो तेव्हा समुद्राच्या पोटातले थंड, सकस पाणी वर येते आणि उन्हाळ्यातही अन्नाची रेलचेल होते. ध्रुवाने जे इतरांना द्यावयाचे ते पावसाळा ह्यांना दारात आणून देतो. मग ह्यांनी जावे कशाला? त्यांच्या जनुकांची तपासणी करणाऱ्यांचा अंदाज असा आहे की सुमारे सत्तर हजार वर्षे हे लोक इतर हंपबॅकांपासून वेगळे राहिले आहेत. आज ओमानच्या समुद्रात ते शंभराच्या आतच उरले असावेत. ह्यांना आळशी म्हणण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

आणि गंमत पाहा, ह्या घरकोंबड्यांतही एक लुबान निघालीच. लुबान म्हणजे आपल्या देवघरातला ऊद, लोबान. २०१७ च्या अखेरीस ओमानच्या मसिरा आखातात ह्या मादीच्या अंगावर यंत्र बसविण्यात आले. तिच्या भाईबंदांची यंत्रे ओमान-येमेनच्या आसपास घुटमळत असताना ही एकटी सारा अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली, तेथून दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत गेली आणि पुढल्या वर्षी परत ओमानला पोहोचली. का आली? भुकेने, की कोणाच्या गाण्याच्या ओढीने, की सवयीने? राहणाऱ्यांच्या कुळात जाणारी जन्मते, आणि जाणाऱ्यांच्या कुळात राहणारा.

शास्त्रज्ञ सांगतात की अशा वेगळेपणामुळे जातीचा निभाव लागतो. सगळ्यांनी एकाच समुद्रात जावे आणि त्या वर्षी तेथे दुष्काळ पडावा, तर सगळी बुडाली. वाटा निराळ्या असल्या म्हणजे कोणी ना कोणी तगते, आणि एकाच ताटावर सगळ्यांची झुंबडही पडत नाही. कासव काही जातीचे हित डोळ्यांपुढे ठेवून वळत नाही. ते आपल्यापुरते वळते, आणि हिशेब मागाहून जुळतो. हे आमच्या कोकणाला समजावून द्यावयास नको. माड, पोफळी, आंबा आणि थोडे भात असे चार ठिकाणी विभागलेले घर. आणि पाचवा आधार मुंबईच्या मनीऑर्डरीचा. मनीऑर्डर मी पाठवीत असे. पण ती घ्यावयाला दारात कोणी तरी असावे लागते, हे मला मनीऑर्डर पाठविताना कधी सुचले नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर अण्णा ओटीवर आपली वही घेऊन बसला होता. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. दिनांक, ठिकाण, अंडी, पिल्ले आणि शेरा असे रकाने स्वतः आखलेले. मधल्या पानांत वर्तमानपत्रांतले नकाशे चिकटविलेले होते. प्रथमेची उत्तरेकडची रेघ, बागेश्रीची श्रीलंकेकडची. एका पानावर गहिरमाथ्याच्या कासवाची हकीकत होती. २०२१ साली ओडिशाच्या त्या किनाऱ्यावर जिच्या पुढल्या पायात क्रमांकाची पट्टी अडकविली होती, ती मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. देशाची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला. मी पाने उलटीत होतो. मुक्ता वहिनींच्या मांडीवर झोपली होती.

“अण्णा,” मी म्हणालो, “अडुसष्ट साली काकांचं पत्र तुझ्यासाठी आलं होतं.”

“हो. आणि मला ताप होता.”

थोडा वेळ समुद्राचा आवाज तेवढा येत राहिला. मग तो आपणहून बोलू लागला. “तापात सारखं वाटायचं, गाडी चुकणार, गाडी चुकणार. एका सकाळी ताप उतरला नि बघतो तर गाडी गेलेली, तू गेलेला. आणि मला एकदम बरं वाटलं, वसंता. आता ते ताप उतरला म्हणून बरं वाटलं, की जायचं टळलं म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.”

ह्या उत्तराची मला अपेक्षा नव्हती. मी मनात माझ्यासाठी एक अपराध आणि त्याच्यासाठी एक त्याग अशी नीट मांडणी करून बसलो होतो. त्याने ती एका वाक्यात विसकटून टाकली. त्याच्याही वाटेला प्रवाह होता, आणि त्याचा स्वतःचा पिंडही होता. कशाचा वाटा किती, हे ज्याचे त्यालाही ठाऊक नव्हते. तरीसुद्धा जे बोलावयाचे ते मी बोललो. “आणि ते देवळातलं कासव… मी तेव्हा—”

“त्या कासवाला मी रोज सकाळी हात लावून नमस्कार करतो,” अण्णा म्हणाला. त्याच्या मिशीत बारीकसे हसू होते. “वाईट कशाला वाटेल? टॉर्चमध्ये नवे सेल घालून ठेव. पहाटे चारला निघायचं आहे.”

म्हणजे तीस वर्षे त्याला ते आठवत होते.

पहाटे आम्ही दोघे निघालो. मुक्ताला उठविण्याचा प्रयत्न केला, पण तिच्या उपजत बुद्धीने तिला अंथरुणातच ठेवले. ओहोटी होती. अण्णा पुढे, मी मागे. सरकारी खुर्चीवर पस्तीस वर्षे बसलेल्या माणसाला ओल्या वाळूत त्याच्याबरोबर चालताना धाप लागत होती, आणि गावाबाहेर न पडलेला हा माणूस एवढ्या वर्षांत किती कोस चालला असेल, ह्याचा हिशेब मी मनातल्या मनात करीत होतो. खडकापाशी पोहोचण्यापूर्वी टॉर्चच्या उजेडात माग दिसला. वल्ह्यांच्या खुणा एक डावी, एक उजवी अशा आळीपाळीने उमटलेल्या; ऑलिव्ह रिडलेची ही सही. माग भरतीच्या रेषेवर चढला होता, कोरड्या वाळूत एक मोठे वळण घेतले होते, आणि पुन्हा पाण्याकडे उतरला होता. अण्णाने काठीने ठिकठिकाणी वाळू चाचपून पाहिली. खड्डा नव्हता. ती इतक्या लांबून आली होती, वर चढली होती, आणि अंडी न घालताच परत गेली होती.

“असं होतं?” मी विचारले.

“होतं की. कुठे उजेड दिसतो, कुठे कुत्रं भुंकतं, कुठे वाळूच पसंत पडत नाही. येईल पुन्हा. इथे नाही तर दुसरीकडे.”

त्याने वही काढली. मी टॉर्च धरला. दिनांक आणि ठिकाण लिहून झाल्यावर अंडी व पिल्ले ह्या दोन रकान्यांत त्याने आडवी रेघ ओढली, आणि शेऱ्याच्या रकान्यात आपल्या संथ, वळणदार अक्षरात लिहिले, ‘आली. परत गेली. कारण तिचे तिला ठाऊक.’

शेरे मारण्यात माझे आयुष्य गेले. पण असा शेरा मला एकदाही मारता आला नव्हता.